मामाची जागा

भोर, २ मे १९७०

तीर्थरूप दादास,

साष्टांग घालायला कंबर राजी नाही, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. आमचा पोस्टमन रखमाजी कार्ड वाचूनच देतो, तेव्हा माझ्या हाती येईपर्यंत मजकूर अर्ध्या भोरला पाठ झाला होता. "मामावाचून पोरगी बोहल्यावर कशी चढते तेच बघतो. बाजीराव." दीड ओळ! उरलेलं कार्ड कोरं. वीस वर्षांनी धाकट्या बहिणीकडून लेकीच्या लग्नाची पत्रिका येते, वर ती स्वतःच्या हाताने लिहिते, 'दादा, मामा म्हणून ये,' आणि तुझ्याकडे त्यावर द्यायला दीड ओळ आहे, तीही मला.

साळूने गावकुसाबाहेरच्या गेनबाशी पुण्यात नोंदणीने लग्न केलं, तेव्हापासून पासलीच्या गुरवांच्या घरात तिचं नाव घेतलं की दूध नासतं, अशी तुझी समजूत आहे. गेनबा तेव्हाही आपल्या घरातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा जास्त शिकलेला होता. आता मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात आहे, बुद्धाला मानतो आणि साळूच्या पत्रावरून दिसतं की रविवारी भांडी घासतो. यातलं नेमकं काय तुला सोसत नाही, ते सवडीने कळव. भावकी देवळाच्या पूजेचा मान काढून घेईल, ही तुझी भीती मला ठाऊक आहे. ती मी हसण्यावारी नेत नाही. पण देवाला बेल वाहणारा हात भाचीच्या डोक्यावर तांदूळ टाकून बाटतो, हे देवाने तुला कधी सांगितलं?

शाळेत चोवीस वर्षं संस्कृत शिकवते आहे, म्हणून परवा कपाट काढून बसले. मुलीच्या पाठीशी मामाने कट्यार धरून उभं राहावं, असं मला एकाही पोथीत सापडलं नाही. ती आपली रीत. रीत माणसांनीच घातलेली असते, आणि बायका मोजणीत माणसांतच येतात. तेव्हा नीट ऐक. लग्न एकवीस तारखेला, वैशाखी पौर्णिमेला, मनमाडला. तू आलास तर तुझा मान तुला. नाही आलास तर साळूच्या बनाच्या पाठीमागे मी उभी राहीन. आठ मंगलाष्टकंही रचली आहेत, मात्रा मोजून.

जायचं कसं? आमच्या ह्यांनी सरकारी लिलावातून एक गाडी घेतली आहे. लढाईत ती रुग्णवाहिका होती म्हणे. पुढे कुटुंबनियोजनाच्या प्रचाराला लागली. आत एक लांब बाक, डॉक्टरांचा पलंग, हात धुवायचं भांडं, सिनेमाच्या रिळांचं कपाट. टपावर कर्णा. अख्खा संसार मावतो. एस.टी.च्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला आणि चार मुलींचा बाप असलेला माणूस ही गाडी चालवणार, यातला विनोद भोरातल्या सगळ्यांनी एकेकदा करून झाला आहे. तू नवा शोधू नकोस.

खिडकीजवळची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. पंधराला पासलीला येतो.

तुझी,
चंद्रा


कामथडी, १७ मे

दादास,

पासलीत तू भेटला नाहीस. वहिनी म्हणाली, "ते रानात गेल्यात." मे महिन्यात रानात काय करतोस? भातं झोडून सहा महिने झाले. मग देवळापाशी गेले तर गाभाऱ्याला आतून कडी. तेव्हा रान कुठं आहे ते कळलं. मी तीनदा घंटा वाजवली. देव जागा झाला असेल.

बाकी गावाने मात्र आमचं स्वागत दणक्यात केलं. गाडीवरचा लाल त्रिकोण ह्यांनी हिरव्या रंगाने बुजवला आहे, पण ऊन पडलं की तो आतून उमटतो, आणि त्याखालची 'दोन किंवा तीन, पुरेत' ही अक्षरंही. गाडी कर्णा वाजवत वेशीत शिरली मात्र, ठकुबाईने हाळी दिली, "आली गं बाई, कापाकापीची गाडी!" दोन मिनिटांत पासलीत औषधाला बाप्या दिसेना. हे बिचारे खाली उतरून सांगताहेत, "अवो, म्या आक्काबाईचा जावाई!" एका माळ्यावरून आवाज आला, "जावाई हाईस तर आदी तुजी झाली का सांग!" त्यावर आमच्या चौघी मुली एकामागून एक गाडीतून उतरल्या, आणि गावाचा विश्वास बसला.

आई पायरीवर गाठोडं बांधून बसली होती. आम्ही तिला न्यायला येणार हे तिला कुणी सांगितलं? तिला वाचता येत नाही. वहिनीलाही नाही. म्हणजे माझी पत्रं तू फाडत नाहीस, मोठ्याने वाचून दाखवतोस. हे कळल्यापासून जरा सुवाच्य लिहिते आहे.

नसरापुरात बाजारतळावर गाडीतच मुक्काम केला, आणि आज उलटे कामथडीला आलो. गेनबाची बहीण भामाबाई इथे असते; तिलाही लग्नाला घेऊन जायचं होतं. वस्तीवर पोचलो तेव्हा रेडिएटर उकळत होता. ह्यांनी डबा पुढे केला. "बाई, वाईच पाणी मिळंल का?"

भामाबाई दारात उभ्या होत्या. एकदा गाडीकडे, एकदा आमच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "गाडीला पायजे, का तुमास्नी?"

 हे डब्याच्या तळाकडे बघत राहिले. मुली माझ्याकडे.

आई गाडीतून उतरली. "आदी मला दे," म्हणाली. "गाडीला मागनं. तिला तहान आत्ता लागलीया. मला वीस वरसं झाली."

तांब्या घेतला आणि प्यायली. वरून नव्हे, तोंडाला लावून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग मी प्याले. मग मुली, मग हे, आणि सगळ्यांच्या शेवटी गाडी. तुला भावकीपुढे कबूल करायचं असेल तर हे पत्र तसंच वाचून दाखव. पाणी गोड होतं.

भामाबाईंनी आत येऊन खिडकीजवळची मोकळी जागा बघितली. "हितं कोन बसनार?"

"मामा," मी म्हटलं.

"कवा?"

"येईल तेव्हा."

"बरं," म्हणाल्या, आणि पलीकडे सरकून बसल्या. पानाची चंची मात्र तुझ्या जागेवर ठेवली आहे. इतकं चालवून घे.

चंद्रा


सुप्याच्या पुढे, नगर रोड, १९ मे

दादास,

पत्र झाडाखाली बसून लिहिते आहे. गाडी मध्येच थांबली की पत्र लिहायचं, असा नेम केला असता तर आतापर्यंत एक ग्रंथ झाला असता.

रेडिएटरला भोक पडलं आहे. दर चार मैलांवर पाणी. हे म्हणाले, हळद टाकली तर भोक बुजतं, वर्कशॉपात करायचो. गाडीत हळद एकच: आईने पासलीत पाच सवाष्णींकडून जात्यावर दळून घेतलेली, बनाच्या अंगाला लावायची, फडक्यात बांधून देवापुढे ठेवून आणलेली. ह्यांनी दोनदा आईकडे बघितलं आणि दोनदा आभाळाकडे.

आई म्हणाली, "वत की. गाडी पोचली तर लगीन बगायला मिळंल."

तेव्हा हळद गाडीला लागली आहे. मुलींनी गाडीपुढे उखाणेही घेतले. भोक बुजलं, निदान आत्तापर्यंत तरी. भामाबाई चिंचेखाली पान लावता लावता हे सगळं बघत होत्या. त्यांचं आपलं एकच, "ऱ्हाऊ द्या. हळदीवाचून काय आडत न्हाई." मला वाटलं, समजूत घालताहेत.

त्यांना रोज दोन वेळा माझी मंगलाष्टकं ऐकवते. मान डोलावतात. चांगला श्रोता मिळायला कामथडीला जावं लागलं.

आणि ऐक. हळद काढायला गाठोडं सोडलं तर लुगड्यांच्या घडीत आपली कट्यार! लाल मखमलीचं म्यान, त्याला लाल गोंडा, मुठीवर तेच वाकडं फूल. तुझ्या लग्नात तुझ्या हातात होती, माझ्या लग्नात मामाच्या हातात. साळूच्या वेळी पेटीतच राहिली. मी आईला विचारलं, "ही कुठून?"

"म्या चोरली."

"दादाला ठाऊक आहे?"

"चोरताना सांगत्यात व्हय?"

ती हसली नाही. मी जास्त विचारलं नाही. लग्न परवा सकाळी अकराला, आणि मनमाड अजून शंभर मैलांच्या वर आहे. हे हाका मारताहेत, हँडल मारायची वेळ झाली.

चं.


मनमाड, २२ मे

दादास,

तू विचारलं होतंस, मामावाचून पोरगी बोहल्यावर कशी चढते. बघायला आला नाहीस, म्हणून कळवते. वीस मिनिटांत.

काल अकराला पाच मिनिटं कमी असताना गाडी मांडवापाशी पोचली, कर्ण्यासकट. साळूला धड भेटायलाही सवड मिळाली नाही. गर्दीत पुढे बसलेली तिची पाठ तेवढी दिसली. मी नऊवारीचा कासोटा आवळला, ह्यांचा फेटा डोक्याला गुंडाळला, कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचलं आणि थेट स्टेजवर जाऊन बनाच्या मागे उभी राहिले. आवाज लावण्यासाठी घसा खाकरला.

मग समोर पाहिलं. सगळा मांडव पांढऱ्या कपड्यांत. ना बोहलं, ना अंतरपाट, ना अक्षतांची ताटं. टेबलावर बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, उदबत्त्या, बाबासाहेबांची तसबीर. विधी सांगायला एक गृहस्थ उभे होते, नोकरीने तिकीट तपासनीस. त्यांनी माझ्याकडे थर्डच्या तिकिटावर फर्स्ट क्लासात बसलेल्या प्रवाशाकडे पाहावं तसं पाहिलं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तेवढं हत्यार खाली ठेवता का? आता आपण जीवहिंसा न करण्याचं शील घेणार आहोत."

मांडव हसला. दादा, चोवीस वर्षांत माझ्या वर्गात माझ्यावर कुणी हसलं नव्हतं.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"मामा," मी म्हटलं. आता सुचलं ते सुचलं. मांडव पुन्हा हसला.

साळू हसली नाही. ती उठली, स्टेजवर आली. पांढरी झाली आहे रे केसांनी. माझ्यासमोर उभी राहिली, आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर माझा कानावर घसरलेला फेटा सरळ केला. मग तपासनिसांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला हुबं. कट्यार मी धरते."

कट्यार मांडीवर घेऊन ती पुढच्या रांगेत बसली, आणि मी रिकाम्या हाताने भाचीच्या मागे उभी राहिले. पाली प्रार्थना झाल्या. मला अर्धीअधिक कळली ती भाषा. ती मला संस्कृतची धाकटी बहीण वाटली: चांगल्या घरातून लवकर बाहेर पडलेली, चार लोकांत राहून मोकळं बोलायला शिकलेली, आणि थोरलीवाचून काही न अडलेली. दोघांनी एकमेकांना वचनं दिली, हार घातले, फुलं पडली. माझी आठ मंगलाष्टकं घशातच राहिली.

जेवताना बना माझ्या शेजारी येऊन बसली. साळूचंच नाक. म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण आमच्यात मामा लागत नाही. हळद नाही, कट्यार नाही, काहीच नाही."

मी भामाबाईंकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं! चार दिवस माझे श्लोक ऐकलेत!"

"मला वाटलं, शिकल्याल्या बाई हायत," भामाबाई म्हणाल्या, "त्यास्नी ठावंच आसंल. आन म्हनत बी बरं हुता."

मग मी बनाला विचारलं, "मामा लागत नाही, तर तुझ्या आईने दादाला 'मामा म्हणून ये' असं लिहिलं कशाला?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मामा आहे म्हणून," ती म्हणाली.

दादा, हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, पण तू पुन्हा वाच. आपण दोघंही एकाच चुकीत होतो. तुला वाटलं, तू अडून बसलास की लग्न अडेल. मला वाटलं, मी उभी राहिले की अडलेलं सुटेल. तुझ्यावाचून काही अडणार नव्हतं हे साळूला पत्रिका लिहितानाच माहीत होतं. तरी तिने लिहिलं. अडलेल्याने बोलावलं तर त्याला गरज म्हणतात. ह्याला काय म्हणतात ते पासलीतल्या कुणाही बाईला विचार.

आता एक गोष्ट. ही वाचताना आवाज खाली आणू नकोस. आई इथेच आहे, तेव्हा ऐकायला घरात वहिनी तेवढी असेल, आणि तिने ऐकायला हवी.

वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की साळूला दार बंद केलं ते दादाने. पासलीचं दार तू बंद केलंस, खरं आहे. पण साळू आणि गेनबा पासलीला जाण्याआधी भोरला आले होते, माझ्याकडे. भर दुपारी. मी धाकट्या जावेला बाहेर पाठवलं आणि सांगायला लावलं की चंद्रावहिनी शाळेत पेपर तपासायला गेल्या आहेत. दिवाळीची सुट्टी होती. मी खिडकीमागे उभी होते. ती दोघं उन्हात थोडा वेळ थांबली आणि एस.टी. स्टँडकडे वळली. कदाचित मी दार उघडलं असतं तर तुला तुझं लावता आलं नसतं. तुझ्यावर इतकी वर्षं जो राग धरला, त्यातला निम्मा माझा मला परत घ्यावा लागतो आहे.

काल भांडी आवरताना साळूला म्हटलं, "त्या दुपारी मी घरातच होते."

तिने ताट विसळलं, पालथं घातलं. "ठावं हाय," म्हणाली. "खिडकीतनं तुजी वेणी दिसत हुती."

वीस वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेनबालाही नाही.

चंद्रा


भोर, २९ मे

दादास,

परत आलो. येताना ह्यांना डुलकी लागू नये म्हणून आठही मंगलाष्टकं गाडीत म्हटली. चार वेळा. आता ती वाया गेली असं म्हणता यायचं नाही. नगर ते शिरूर रस्ता त्यांनी निभावला.

गाडीत आईची जागा रिकामी होती. ती आली नाही. म्हणाली, "म्या जरा ऱ्हाते. वीस वरसाचं बोलायचं हाय, दोन दिसात कसं हुईल?" गेनबाने तिच्यासाठी अंगणात बाज टाकली आहे. तो तिला रोज पेपर वाचून दाखवतो, आणि ती त्याला प्रत्येक बातमीत चूक काढून दाखवते. दोघांचं उत्तम चाललं आहे.

कट्यारही आली नाही. मी मागितली होती. तुझ्या कोंडिबाचं लग्न फाल्गुनात, नवरदेवाच्या हातात तीच हवी, हे मला काय कळत नाही? पण साळू म्हणाली, "ज्याची त्यानं यिऊन न्यावी. आल्यावर पानी प्यावं लागंल, जेवावं लागंल, आन एक रात मुक्काम करावा लागंल. उब्या उब्या मिळनार न्हाई." आई बाजेवरून म्हणाली, "बाजीला म्हनावं, आमी दोगी बी हितं हाय, म्या आन कट्यार. आदी कुनाला न्यायचं ते त्यानंच ठरवावं."

भावकीने विचारलं, कट्यार कुठं आहे, तर काय सांगशील? खरं सांग. मनमाडला आहे, बहिणीकडे. आणि पूजेचा मान काढतो म्हणाले तर म्हण, काढा. वैशाखात गाभाऱ्याला आतून कडी लावून बसायला तुमच्यातला कोण तयार आहे, तो पुढे या.

आता आईच्या चोरीविषयी. घरी येईपर्यंत मला उलगडा झाला नाही, याची लाज वाटते. विद्यार्थ्यांना मी यापेक्षा लहान चुकीवर उभं करते. कट्यार असते पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली तुझ्या करदोट्याला, अंघोळीलाही न सुटणारी. म्हणजे आईने पंच्याहत्तराव्या वर्षी तुझ्या कमरेचा करदोटा सोडला, पेटी उघडली, कुलूप लावलं, करदोटा पुन्हा बांधला, आणि तुला जाग आली नाही! बरं, तेही धरून चालू. पण वीस वर्षं म्यानात पडलेल्या पात्याला ताज्या खोबरेल तेलाचा हात कुणी फिरवला? म्यानाचा फाटका गोंडा काढून नवा लाल गोंडा कुणी शिवला? आईला सुईत दोरा ओवता येत नाही. आणि तो टाका मी ओळखते. देवाच्या पालखीचे गोंडे तूच शिवतोस.

तू गाभाऱ्यात कडी लावून बसलास, आणि कट्यार पाठवून दिलीस. कर्णा सबंध पासलीला ऐकू जातो, तेव्हा घंटाही ऐकलीच असशील.

हे मी साळूला अजून कळवलेलं नाही. तो गोंडा तिने उलटून पालटून बघितला होता आणि मग कट्यार स्वतःच्या उशाखाली ठेवली होती, एवढंच सांगते. बाकीचं तू तोंडाने सांग.

शाळा पंधरा जूनला उघडते. तोवर गाडी आमच्या दारात उभी आहे, आणि खिडकीजवळची जागा भामाबाईंनी चंची उचलून मोकळी केली आहे. वेल्ह्यात फाट्यावर येऊन उभा राहा. पासलीत गाडी घालायला ह्यांचा आता धीर होत नाही.

येताना शेरभर हळद आण. रेडिएटर पुन्हा गळतो आहे.

चंद्रा